तबेल्यातल्या खिळ्यावरचा चिमणा

पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या लहानपणीची एक गोष्ट आपल्याकडे शाळाशाळांतून सांगितली जाते. एका मुलानं एअरगननं चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी चिठ्ठी देऊन एका इंग्रज साहेबाकडे धाडलं, साहेबानं पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि त्या दिवसापासून मुलाचं आयुष्य पालटलं. गोष्ट खरी आहे. मुलांबरोबर पक्षी पाहणाऱ्या शिक्षकांच्या बैठकीत मीही ती कैक वर्षं सांगत आलो आहे. पण ती नेहमी पिवळ्या डागापासूनच सुरू होते, आणि त्यामुळे वर्ष-दोन वर्षं आधीचं एक पान मागे राहून जातं. माझ्या मते त्या मुलाचा पहिला खरा शोध त्याच पानावर आहे. म्हणून हे प्रकरण मी तिथून उलगडतो.

आधी मुलगा कोण, ते पाहू. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. भावंडांत सर्वांत धाकटा. वर्षाचा असताना वडील मोइझुद्दीन गेले, तीन वर्षांचा असताना आई झीनत-उन-निसा. अमीरुद्दीन तैयबजी या मामांनी आणि मामी हमीदा बेगम यांनी ही पोरकी भाचरं खेतवाडीतल्या आपल्या घरी सांभाळली. या दांपत्याला स्वतःचं मूल नव्हतं. मामांना शिकारीचा षोक होता. घरात बंदुका होत्या, शिकारीच्या गप्पा होत्या. त्या ऐकत वाढलेल्या मुलाला मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचं होतं. मामांनी त्याला एअरगन आणून दिली. मग आवारातल्या चिमण्या पाडायच्या, धर्माच्या रीतीप्रमाणे हलाल करायच्या आणि स्वयंपाकघरात द्यायच्या, हा सुट्टीतला उद्योग झाला.

हे मी मुद्दाम जसंच्या तसं सांगतो. मुलांपुढे ही गोष्ट ठेवताना पुष्कळ जण त्या मुलाला जन्मतः पक्षिप्रेमी करून टाकतात. तो तसा नव्हता. पाखरू म्हणजे नेम धरायची वस्तू, एवढंच त्याचं नातं होतं. त्याच्यात एक गोष्ट मात्र होती: नेम धरण्याआधी आणि धरल्यानंतर तो बघत राहायचा, आणि बघितलेलं लिहून ठेवायचा.

१९०६-०७ सालची त्याची एक टिपणवजा नोंद त्यांच्या १९८५ साली आलेल्या आत्मचरित्रात आहे. तेव्हा त्याचं वय नऊ-दहा वर्षांचं. तबेल्यात एका भोकात चिमणीनं घर केलं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली, आणि भोकाच्या तोंडाशी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर चिमणा पहाऱ्याला. मुलगा तबेल्यात उभ्या असलेल्या घोडागाडीच्या आड दबा धरून बसला आणि त्यानं चिमणा टिपला. थोड्याच वेळात मादीनं दुसरा जोडीदार मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलानं त्यालाही टिपलं. पुन्हा तिसरा हजर. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून त्यानं आठ नर मारले, आणि दर वेळी जागा भरायला पुढचा नर जणू वाट पाहतच उभा होता.

नोंद एवढीच. मुलाच्या लेखी तो शिकारीचा हिशेब होता. आता ती शास्त्राच्या विद्यार्थ्यासारखी वाचून पाहा. घटना कुठं घडली ते त्यात आहे. नर कुठं बसला आणि मादी कुठं, ते आहे. निरीक्षक कुठून पाहत होता ते आहे. काय केलं, किती वेळा केलं, किती दिवसांत केलं आणि दर वेळी काय झालं, तेही आहे. एकदा घडलं म्हणून योगायोग म्हणता आलं असतं. आठदा घडल्यावर तसं म्हणता येत नाही. आणि मुलानं त्यात आपल्या पदरचं जवळजवळ काही घातलेलं नाही. 'चिमण्या फार हुशार असतात' किंवा 'बिचारी चिमणी' असलं एकही वाक्य त्यात सापडत नाही.

या नोंदीचं मोल काय, ते समजायला पक्षिशास्त्राला पुढची बरीच वर्षं लागली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या सूचिपर्णी जंगलात संशोधकांनी एक तुकडा आखून घेतला आणि त्यातले विणीच्या हंगामातले पक्षी पद्धतशीर काढून टाकायला सुरुवात केली. जंगल रिकामं व्हायला हवं होतं. झालं नाही. काढलेल्या नरांच्या जागी नवे नर येत राहिले, आणि शेवटी मोजदाद केली तेव्हा मारलेल्या नरांचा आकडा सुरुवातीला तिथं असलेल्या नरांपेक्षा कितीतरी मोठा निघाला. हे काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून जे दिसलं ते असं, की घरटी करून बसलेले पक्षी म्हणजे सगळी संख्या नव्हे. त्यांच्या आजूबाजूला जागा न मिळालेले, जोडी न जमलेले पुष्कळ नर गुपचूप वावरत असतात. एक जागा मोकळी झाली की लगेच पुढे होतात. घरचिमणीच्या बाबतीत तर हे सहज पटतं. तिला घरट्यासाठी भोक लागतं, वळचण लागते, आणि चांगली भोकं मोजकीच असतात. ज्या नराच्या ताब्यात भोक, त्याला मादी. बाकीचे ताटकळत. खिळ्यावर एकामागून एक आठ नर आले ते या ताटकळणाऱ्यांतून.

खेतवाडीच्या त्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचं कारणही नव्हतं. तरी पुढच्या माणसाला उपयोगी पडेल असं सगळं त्यानं लिहून ठेवलं होतं. म्हणून मी शिक्षकांना म्हणतो, की मूल काय शोधतं ते त्याच्या उत्तरात पाहू नका, त्याच्या टिपणात पाहा. अर्थ उशिरा लागला तरी चालतं. टिपण वेळेवर व्हायला हवं, कारण खिळ्यावरचा चिमणा दुसऱ्या दिवशी तिथं नसतो.

नोंदीत उणिवाही आहेत, आणि त्याही मुलांसमोर मांडण्यासारख्या आहेत. मादी आठही वेळा तीच होती कशावरून? आतल्या अंड्यांचं पुढं काय झालं? नवा नर खिळ्यावर बसत होता, पण आत जाऊन अंड्यांवर बसत होता का? घरचिमण्यांत नरही काही वेळ अंडी उबवतो, रात्र मात्र मादीच काढते, हे आज आपल्याला माहीत आहे. नवा आलेला नर कधी कधी आधीच्या नराची पिल्लं मारून टाकतो, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. सातवी-आठवीच्या मुलांना ही नोंद वाचून दाखवली आणि 'तुम्ही तिथं असता तर आणखी काय लिहिलं असतं?' एवढंच विचारलं, तर निम्मी मुलं यातले बरेच प्रश्न स्वतःहून काढतात. उरलेली निम्मी मुलं आठ चिमणे मेल्याबद्दल रागावतात. त्यांचा राग रास्त आहे, तो दडपू नये. आज वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे आणि रानपाखरू मारणं गुन्हा आहे. शिवाय नर कोण, मादी कोण, किती वेळा आलं, किती वेळा गेलं, हे बंदुकीशिवायही मोजता येतं.

आता पिवळा डाग.

साधारण १९०८ चा सुमार. पाडलेल्या चिमण्यांत एक वेगळी निघाली. अंगानं चिमणीच, पण गळ्यावर हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. मुलाला पडलेला प्रश्न शास्त्राचा नव्हताच. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खायला चालते का? धर्माला मान्य आहे का? असा घरगुती, सोवळ्याओवळ्याच्या जातीचा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला.

या प्रकरणातला निर्णयाचा क्षण हाच, आणि तो मुलाच्या हातात नव्हता, मामांच्या हातात होता. अमीरुद्दीन मामांना पक्षी ओळखता आला नाही. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. 'चिमणीच आहे, दे आचाऱ्याकडे' म्हणून विषय संपवता आला असता. 'शंका आहे ना, मग टाकून दे' म्हणता आलं असतं. ते धर्मालाही धरून झालं असतं. किंवा शिकारी म्हणून असलेल्या मोठेपणाला जागून एखादं नाव ठोकून देता आलं असतं. यातलं काही न करता त्यांनी 'मला माहीत नाही' हे मान्य केलं आणि ज्याला माहीत असेल त्याच्या नावानं पत्र लिहून दिलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या काही भारतीय सदस्यांत मामा होते. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं ते पत्र होतं.

इथं थोडं इतिहासात जायला हवं, कारण पत्र लिहायला मामा असले तरी ते पोचवायला दारही असावं लागतं. ते दार पंचवीस वर्षांपूर्वी उघडलं होतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ गृहस्थांनी एकत्र येऊन ही सोसायटी काढली. आठांतले दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू करणाऱ्यांतले पुढारी. सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील, वनस्पतींचे जाणकार. सुरुवातीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरत; आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. आपल्याला सापडलेले प्राणी, पक्षी, सापाच्या काती, फुलपाखरं एकमेकांना दाखवावीत, त्यांवर बोलावं, एवढ्या साध्या हेतूनं ही मंडळी जमत. समाजसुधारणा आणि निसर्गाचा अभ्यास हे दोन वेगळे कप्पे आहेत असं त्या पिढीला वाटत नव्हतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे दोघे डॉक्टर एका प्रकरणात येतात आणि सोसायटी कुठंच येत नाही.

मुलगा गेला तेव्हा सोसायटी फोर्टात अपोलो स्ट्रीटवर होती. गोऱ्या साहेबासमोर उभं राहण्याचा प्रसंग त्याच्यावर तोवर फारसा आलेला नव्हता. तो बिचकतच गेला. त्या काळी या कार्यालयात विल्यम नावाचा एक जिवंत धनेश राहत असे. १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू म्हणून आलेला हा पक्षी १९२० पर्यंत तिथंच जगला आणि सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही त्याचीच जात आहे. भिंतींवर शिंगं, कपाटांत पेंढा भरलेले प्राणी, आणि मधोमध हातात कागदाची पुडी घेतलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा.

मिलार्डनी पुडी उघडून पाहिली आणि पक्षी ओळखला: पिवळ्या गळ्याची चिमणी. मराठीत आपण तिला पीतकंठी चिमणी किंवा रानचिमणी म्हणतो. विरळ, कोरड्या रानात राहते, झाडाच्या ढोलीत घरटं करते, पळस-मोहाच्या फुलांतला मध खायला येते. पिवळा ठिपका नराचा ठळक, आणि त्याच्या खांद्यावर तांबूस पट्टा असतो. उत्तर इथंच संपलं असतं आणि मुलगा घरी गेला असता. पण मिलार्डनी त्याला कपाटापाशी नेलं आणि एकेक खण ओढून दाखवला. त्यात त्याच जातीचे, मग इतर जातींचे पक्षी ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली.

ही चिठ्ठी नीट पाहू. संग्रहालयातल्या पक्ष्याच्या पायाला बांधतात त्या चिठ्ठीवर पक्षी कुठं मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, आणि कोणी मिळवला एवढं लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसेल तर पक्षी कितीही देखणा असो, अभ्यासाला निरुपयोगी. म्हणजे तबेल्यातल्या नोंदीत त्या मुलानं आपसूक जे केलं होतं, तेच इथं शिस्तीनं केलेलं त्याला दिसलं. मिलार्डनी त्याला वाचायला पुस्तकं दिली. सोसायटीचे पगारी क्युरेटर किनिअर यांच्या हाताखाली तो पुढे पक्ष्याचं कातडं सोलून भरायला आणि चिठ्ठी लिहायला शिकला. शिकारी व्हायचं त्याच्या डोक्यातून तेव्हा लगेच गेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मारलेल्या पाखराचं काय करायचं, याचं उत्तर बदललं.

शाळेतलं प्रकरण थोडक्यात आटोपतो. डोकेदुखीनं हैराण होऊन त्याची शाळा वारंवार सुटली, १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला, कॉलेजात गणितानं घाम फोडला आणि तो ब्रह्मदेशात भावाकडे खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेला. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनानं प्राणिशास्त्र शिकला, पण विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. ती नसल्यानं नोकरी हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळालं, तिथून रजा घेऊन तो बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेला, आणि १९३० मध्ये परत येऊन पाहतो तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी तेहमीनाबाईंसह तो अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिला.

किहीमच्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला, खोपे विणायला सुरुवात झाली, आणि तेहतीस वर्षांचा बेकार माणूस रोज शिडीवर चढून त्यांच्यासमोर बसू लागला.

सुगरणीविषयी तोवर रूढ समजूत अशी होती, की नर-मादी जोडीनं संसार करतात आणि खोपा पिल्लांसाठी विणतात. वसाहतीत नेहमी काही अर्धवट, बिनबोगद्याचे खोपे लटकलेले दिसतात. ते नराच्या आरामासाठी, त्याच्या झोक्यासाठी, असं सांगितलं जाई. सालिम अलींनी पाहिलं ते वेगळंच. विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक होतं, त्यामुळे दुरूनही नर-मादी ओळखता येतात. भाताच्या, गवताच्या पात्यांच्या, शिंदीच्या झावळीच्या लांब पट्ट्या चोचीनं चिरून आणतो तो नर. गाठ मारतो तो नर. शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार झाला, की तो त्याला लटकून पंख फडफडवत साद घालतो. मग माद्या येतात, आत शिरतात, टोचून-ओढून पाहतात. पसंत पडला नाही की निघून जातात, आणि तो खोपा अर्धाच राहतो. आरामाचे झोके म्हणून जे दाखवले जात, ते नापसंत झालेले खोपे होते. पसंत पडला, तर जोडी जमते, नर अंड्यांची कोठी आणि लांब बोगदा पुरा करतो, मादी आतलं अस्तर लावते, अंडी घालते. आणि नर? तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवणं साधारण चौदा ते सतरा दिवस, मग पिल्लांना भरवणं, हे बहुतेक एकट्या मादीच्या अंगावर. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि जाणकारांनी त्याची दखल घेतली.

तबेला आणि किहीम शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे घरट्याचं तोंड आहे, आत मादी आहे, बाहेर नर आहे, आणि बघणारा दडून बसून 'कोण येतं, कोण जातं, किती वेळा' एवढंच टिपतो आहे. एअरगन गेली, शिडी आणि वही आली. प्रश्नाची जात तीच राहिली.

याच जागी मराठी मुलं कविता घेऊन येतात, आणि मला हे प्रकरण मराठीत सांगायचं खरं कारण तेच आहे. बहिणाबाईंचा खोपा आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो:

अरे खोप्यामधी खोपा
सुगरणीचा चांगला
देखा पिलासाठी तिनं
झोका झाडाला टांगला

किहीमची हकिगत ऐकली, की वर्गातलं एखादं मूल हमखास विचारतं: "सर, खोपा तर नर विणतो. मग बहिणाबाईंनी 'तिनं' कसं म्हटलं? कविता चुकली का?" या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही मुलाचं नुकसान करतात. 'कवितेत असं चालतं' हे एक. 'हो, चुकली' हे दुसरं. पहिल्यानं मूल समजतं की कवितेला खरंखोटं नसतं. दुसऱ्यानं समजतं की कविता म्हणजे शास्त्राचा कच्चा खर्डा. मी मुलांना सांगतो, कविता पुन्हा वाचा आणि बाईंनी काय काय पाहिलंय त्याची यादी करा.

यादी चांगली लांब होते. खोपा कसा विणलाय? 'जसा गिलक्याचा कोसा.' घरी वाळलेलं गिलकं असेल तर सोलून पाहा: आत जाळी असते, तंतूत तंतू गुंतलेला, हलका, पण ओढला तर तुटत नाही. सुगरणीचा पडलेला खोपा हातात घेतला की बोटांना तेच लागतं. बाईंनी खोपा नुसता लांबून पाहिला नव्हता, त्याची वीण पाहिली होती. मग हत्यार कोणतं? उलूशी चोच, तेच दात, तेच ओठ. हेही बरोबर, पायांचा आधार सोडला तर सगळं विणकाम चोचीनं होतं. आणि पिल्लांत जीव कुणाचा? तिचा. सालिम अलींच्या वहीनंही अंडी उबवणं आणि भरवणं मादीच्याच नावावर मांडलं. म्हणजे बहिणाबाईंच्या कवितेत विणकर कोण एवढा एकच मुद्दा किहीमच्या नोंदीशी जुळत नाही. बाकी पोत, हत्यार, आईपण, सगळं नजरेतून आलेलं आहे.

बहिणाबाई १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या, १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर ओव्या सुचत आणि त्या म्हणत; मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरून घेतल्या म्हणून त्या राहिल्या. सालिम अली किहीमला शिडीवर बसले होते त्या वर्षी बहिणाबाई खानदेशात पन्नाशीच्या होत्या. दोघांना एकमेकांची माहिती असण्याचा प्रश्नच नाही. पण एकाची वही आणि दुसरीची ओवी एकाच पाखरावर आहे, आणि मुलानं त्या दोन्ही समोरासमोर ठेवून विचारलेला प्रश्न हा माझ्या दृष्टीनं शोधच आहे. मोठ्यांना ती कविता इतकी पाठ असते, की त्यांना हा प्रश्न सुचतच नाही.

इतिहास आवडणाऱ्या मुलांसाठी आणखी एक धागा आहे. सालिम अलींनी १९२७-२८ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली होती. तिच्यात जहांगीर फार मोठी जागा व्यापतो, आणि ते साहजिक आहे. या बादशहानं सारस क्रौंचांची एक जोडी पाळली होती, नावं लैला आणि मजनू. त्यांनी अंडी घातली तेव्हा त्यानं नोंद केली: रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून पहारा देतो, दिवस उगवल्यावर नर अंड्यांवर बसतो. सतराव्या शतकातला बादशहा आणि विसाव्या शतकातला खेतवाडीचा मुलगा, दोघांनीही घरट्याशी उभा राहिलेला नर टिपला. शिवाजी महाराजांच्या काळाच्या जरा आधीचं राजकारण शिकताना मुलांना जहांगीर म्हणजे नूरजहाँ आणि न्यायाची साखळी एवढाच भेटतो. सारसाच्या घरट्याशी बसलेला जहांगीर दाखवला, की मुलं इतिहासाच्या तासाला निराळे प्रश्न विचारू लागतात: त्याला वेळ कुठून मिळाला, लिहून कोण घेई, चित्र कोण काढी. मग उस्ताद मन्सूरची पक्ष्यांची चित्रं काढून समोर ठेवायची.

आमच्या बैठकीत हे प्रकरण वाचल्यावर शिक्षक विचारतात, की आता करायचं काय. माझं सांगणं फार थोडं असतं. जूनच्या सुमारास गावातल्या विहिरीवरच्या बाभळीवर किंवा शिंदीवर सुगरणींची वसाहत लागते. बहुतेक गावांत एखादी तरी सापडते. लांब, सावलीत बसायचं. प्रत्येक मुलानं एकच खोपा निवडायचा आणि अर्धा तास फक्त त्याच्याकडेच पाहायचं. वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, आणि खोप्याशी जो आला तो पिवळ्या डोक्याचा की तपकिरी, एवढंच लिहायचं. का आला ते लिहायचं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच खोप्याकडे परत. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही, तिथं अमीरुद्दीन मामांसारखं 'मला माहीत नाही' म्हणायचं आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना मुलाच्या हातानंच पत्र लिहायचं. वहीतली नोंद सोबत जोडायची.

एक प्रश्न मात्र दर वेळी येतो, त्याची तयारी ठेवा. सुगरण खोप्यात उजेडासाठी काजवे चिकटवते, असं आजीनं सांगितलेलं असतं. खोप्यात चिखलाचे ओले गोळे लावलेले असतात हे खरं आहे. काजव्यांचं काय, ते मुलांनी स्वतः पाहायचं आहे. त्यासाठी पुरा झालेला खोपा तोडून आत डोकावू नका, आत पिल्लं असतील. नर शिरस्त्राणापर्यंत विणून साद घालत असतो त्या दिवसांत जा. खोपा तेव्हा खालून उघडा असतो, आणि चिखल कोण आणतं, कुठं लावतं आणि त्यात काय असतं, ते खालून दुर्बिणीनं नीट दिसतं.